नानासो गप्प का झाले

विट्याच्या पूर्वेला माळावर जी वाडी आहे, तिथं नानासोंना वादात हरवणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. मेंढरांमागं हिंडण्यात त्यांचं निम्मं आयुष्य गेलं. पुढं टेंभू योजनेचं पाणी आलं आणि माळावर डाळिंबं लागली, पण नानासोंची जीभ पाणी यायच्या आधीपासूनच बागायती होती. उन्हाळ्यात चहा प्याला की अंग गार पडतं, हे त्यांनी सगळ्या वाडीला पटवून दिलं होतं. एकदा जनावरांचा डॉक्टर म्हणाला, ही मेंढी आजारी आहे. नानासोंनी तिच्याशेजारी उभं राहून इतका वेळ वाद घातला की मेंढीच कंटाळून उठली आणि चालायला लागली.

रोज सकाळी डेअरीत दूध घातलं की बाहेरच्या कट्ट्यावर बसायचं, आणि विषय कुठलाही निघो, त्याच्या उलट बाजूनं बोलायला लागायचं, हा त्यांचा नेम. समोर बसायचा बिराप्पा. दोघं एकत्रच मेंढरं राखून मोठे झालेले. बिराप्पा रोज हरायचा आणि रोज यायचा.

अशा घरात राणी सून म्हणून आली. तिचं माहेर औंधचं, यमाईच्या डोंगराच्या पायथ्याशी. नवरा अमृत कोइमतूरला सोनं गाळायच्या दुकानात होता. त्या भागातले निम्मे कर्ते पुरुष असेच गलाईच्या धंद्यापायी लांब असतात, सणाला आणि जत्रेला येतात. राणी बी. ए. झालेली होती आणि तिला वकील व्हायचं होतं. कॉलेजात असताना कसल्याशा दाखल्यासाठी ती वडूजच्या कोर्टात गेली होती. तिथं एक वकीलबाई तिनं पाहिल्या. बाई बारीक आवाजात, सावकाश बोलत होत्या, आणि आख्खी खोली कान देऊन ऐकत होती. मोठ्यानं न बोलतासुद्धा आपलं म्हणणं मांडता येतं, हे राणीनं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. ते तिच्या मनात घर करून राहिलं.

अमृतची ना नव्हती. तो फोनवर एवढंच म्हणाला की नानांना तेवढं पटव. नानासोंचं म्हणणं असं की वकील व्हायला परीक्षा कशाला पाहिजे, बोलता आलं की झालं. पण वकिलीच्या कॉलेजात जायचं तर प्रवेश परीक्षा द्यावी लागते. राणीनं ती आदल्या वर्षी दिली होती आणि तिचा पार बोऱ्या वाजला होता. कायद्याचे आणि सामान्य ज्ञानाचे प्रश्न बरे गेले. घात केला तो तर्काच्या भागानं. तिथं एक प्रश्न विचारतात आणि खाली कारणं देतात. कुठलं कारण सबळ आणि कुठलं दुर्बळ, ते आपण ओळखायचं. ‘रस्त्याकडेला झाडे लावावीत का? होय, कारण झाडे आपले मित्र आहेत.’ राणीनं या कारणाला डोळे झाकून सबळ म्हटलं होतं. झाडाला मित्र म्हणणाऱ्याचं म्हणणं दुर्बळ कसं असेल, असं तिला वाटलं. मनाला जे पटलं, त्यावर ती खूण करत गेली. परीक्षेला मात्र तुम्हाला काय पटतं याच्याशी देणंघेणं नसतं. कशातून काय निघतं, एवढंच तिथं विचारतात.

यंदा तिनं पुन्हा पुस्तक काढलं. दुपारी भांडी झाली की बाहेर सोप्यात बसायची आणि एकेक प्रश्न मोठ्यानं वाचायची. एकदा नानासो आडवे पडून ऐकत होते. राणी वाचत होती की सगळे गवंडी गायक आहेत, काही गायक पैलवान आहेत, म्हणून काही गवंडी पैलवान आहेत, हा निष्कर्ष निघतो की नाही. नानासो ताडकन उठून बसले. निघतोय की, म्हणाले. खालच्या आळीचा गवंडी पैलवान आहे, त्याची कुस्ती त्यांनी स्वतः बघितली होती, आणि तो भजनातही गातो. राणी म्हणाली की उत्तरात ‘निघत नाही’ असं दिलंय. नानासो भडकले. गवंडी त्यांच्या ओळखीचा, कुस्ती त्यांनी डोळ्यांनी बघितलेली, आणि पुस्तक छापणारा पुण्यात बसून म्हणतोय निघत नाही, हे काय चाललंय?

राणीला उत्तर पाठ होतं, पण का ते सांगता येईना. ती थोडा वेळ पेन्सिल चावत बसली. मग तिला मेंढरं सुचली.

“मामा, समजा बिराप्पामामांची सगळी मेंढरं एका वाघरीच्या जाळीत कोंडलेली हायती,” ती म्हणाली. “आणि वाघरीतली काही मेंढरं लंगडी हायती. मग बिराप्पामामांची काही मेंढरं लंगडी हायती, असं म्हणता येतंय का?”

“कसं म्हणता यील?” नानासो म्हणाले. “वाघरीत माझीबी असत्याल की. माझीच लंगडी असली मग?”

“तेच गवंड्याचं. गायक म्हंजे वाघर.”

नानासोंनी पुस्तक हातात घेतलं, आणि ते लांब धरून पुन्हा वाचलं. मग म्हणाले की ह्यात जीव आहे, उद्यापासून त्यांनाही वाचून दाखवायचं.

त्या दिवसापासून दुपारचा अभ्यास दोघांचा झाला. सासूबाई हरणाबाई शेंगा फोडत बाजूला बसायच्या आणि दोघांकडं बघून मान हलवायच्या. नानासो प्रत्येक प्रश्नाशी आधी भांडायचे. त्यांना समजवायचं म्हणजे राणीला आधी स्वतःला समजून घ्यावं लागायचं, आणि त्यातच तिचा पाया पक्का होत गेला. ‘गृहीतक’ हा शब्द तर नानासोंना फार आवडला. बोलणाऱ्यानं न सांगता काय धरून चाललंय, ते हुडकायचं. दुसऱ्या दिवशी डेअरीत ‘दुधात पाणी घालणाऱ्यावर कारवाई होईल’ ही पाटी त्यांनी मोठ्यानं वाचली आणि डेअरी चालवणाऱ्या पप्पूला सांगितलं की ह्यात तू असं धरलंयस की गावात पाणी घालणारे आहेत, आणि त्यांना वाचता येतंय. कट्टा खदखदून हसला. पप्पूनं संध्याकाळी पाटी उतरवली.

इथवर सगळं झकास चाललं होतं. पण हळूहळू नानासोंच्या बोलण्याला काहीतरी झालं.

एकदा कट्ट्यावर विषय निघाला की हल्लीच्या पोरांना कष्ट नको वाटतात. हा तर नानासोंचा घरचा विषय. ते सरसावून बसले, “हल्लीची पोरं,” इतकं म्हणाले, आणि थांबले. त्यांच्या मनात आलं की आपण पोरं म्हणतोय, पण ओळखतो किती? एक अमृत, एक पप्पू, आणि दोघंही राबतात. ते पुन्हा मागं टेकले. बिराप्पा वाट बघत राहिला. पुढं पावसाचा विषय निघाला. कावळ्यानं घरटं उंचावर बांधलंय, म्हणजे पाऊस कमी, असं बिराप्पा म्हणाला. एरवी नानासोंनी त्याला कावळ्यासकट उडवून लावलं असतं. या वेळी ते म्हणाले की एका कावळ्यावरून सांगता येत नाही, आणि कावळा चुकला असंही सांगता येत नाही. मग चहा न घेता घरी निघून आले. असं होता होता त्यांचं कट्ट्यावर जाणंच कमी झालं. दूध घालायचं आणि मागं फिरायचं. विचारलं तर म्हणायचे, बोलायला तोंड उघडलं की आपल्याच बोलण्यात भोक दिसतं.

हरणाबाईंच्या जिवाला घोर लागला. लग्न झाल्यापासून त्यांनी हा माणूस गप्प बसलेला पाहिला नव्हता. त्यांनी मुद्दाम कुरापत काढून बघितली. जेवताना विचारलं, आमटी खारट झालीय का? नानासो घास गिळून म्हणाले, एका घासावरून म्हणता येत नाही. तेव्हा हरणाबाईंनी हातातली पळी खाली ठेवली आणि ठरवलं की डॉक्टर गाठायचा.

विट्याच्या डॉक्टरनं छाती तपासली, जीभ बघितली, रक्तदाब मोजला. म्हणाला, सगळं चांगलं आहे, उलट दाब पूर्वीपेक्षा उतरलाय, काय बदल केलात? नानासो म्हणाले की बोलणं कमी केलं, पण त्यामुळंच उतरला असं खात्रीनं म्हणता येणार नाही. 

घरी आल्यावर हरणाबाईंनी राणीला चुलीपाशी बोलावून घेतलं. चिडून नव्हे, पण गंभीरपणानं त्या म्हणाल्या, “राणे, तुज्या पुस्तकानं माजा नवरा मुका झालाय.”

राणीच्या ओठांवर उत्तर आलं होतं. एका गोष्टीमागून दुसरी घडली म्हणून ती पहिलीमुळंच घडली असं होत नाही, हा धडा तिनं तीनदा वाचला होता. पण ती सासूबाईंच्या तोंडाकडं बघून गप्प राहिली, कारण या वेळी ते खरोखरच त्या पुस्तकामुळं घडलं होतं.

तिनं दुपारचा अभ्यास आत, धान्याच्या खोलीत हलवला. वाचायचं तेही मनातल्या मनात. नानासो सोप्यात एकटे बसून राहायचे. आणि गंमत अशी, की राणीचाही अभ्यास पुढं सरकेना. उत्तरं यायची, पण नुसती यायची. कुणी ‘हे कसं काय’ म्हणून अंगावर येत नव्हतं, तर आपल्याला खरंच कळलंय की नाही, तेच तिला समजेना. सराव परीक्षेत पुन्हा ती जुन्या चुका करायला लागली. अमृतचा फोन आला तेव्हा तिनं एवढंच सांगितलं की घर लय शांत झालंय. अमृत म्हणाला, आपलं घर? त्याचा विश्वासच बसला नाही.

मग एका सकाळी बिराप्पा घरी आला. डेअरीतून थेट आला होता, हातात रिकामी किटली होती. आत येऊन तो नानासोंच्या समोर पायरीवर बसला. राणी अंगण झाडत होती, ती थांबली. हरणाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

बिराप्पानं विचारलं की कट्ट्यावर का येत नाहीस. नानासो म्हणाले की येऊन काय करू. आजवर आपण जे बोललो, त्यातलं निम्मं कच्चं होतं. एक बघितलं की शंभराचं सांगत होतो. आवाज मोठा म्हणून खपत होतं. आता कळल्यावर ते तोंडातून निघत नाही. 

बिराप्पा थोडा वेळ किटलीच्या कडीशी चाळा करत बसला.

“नाना, तू बरोबर बोलतूस म्हणून आमी ऐकत हुतो, असं वाटतंय व्हय तुला?” तो म्हणाला.

“मग कशाला ऐकत हुता?”

“आरं, उन्हाळ्यात चहा पिऊन कोण गार पडतंय रं? सगळ्यांस्नी ठावं हाय. पर तू उलटं बोलाय लागलास की मला सुचाय लागतंय. आता धा-पंधरा दिस झालं, कट्ट्यावर कुणी काय म्हणलं की समदी व्हय म्हणत्यात आन् उठून जात्यात. तू उलटं बोलल्याबिगर मला माजं मत काय हाय, त्येच कळंना झालंय गड्या.”

 नानासोंनी सावकाश मान वळवून अंगणात उभ्या असलेल्या सुनेला विचारलं, “राणी, ह्ये सबळ हाय का गं?”

राणीनं खरोखरच विचार केला. बिराप्पामामांनी आपल्या स्वतःबद्दल सांगितलं होतं, शंभरांबद्दल नव्हे. आणि जे सांगितलं, त्यातूनच ‘कट्ट्यावर ये’ ही मागणी निघत होती. तिला स्वतःलाही गेल्या काही दिवसांत नेमकं तेच झालं होतं.

“सबळ हाय, मामा,” ती म्हणाली.

हरणाबाई आत गेल्या आणि चहाचं आधण ठेवलं.

दुसऱ्या दिवसापासून नानासो कट्ट्यावर परत बसायला लागले, पण आता त्यांची तऱ्हा बदलली होती. विषय निघाला की आधी विचारायचे, आज कुणाची बाजू घ्यायची? दोन्ही बाजूंना माणसं वाटून घ्यायची आणि मग सुटायचं. आपल्या बाजूचा मुद्दा कच्चा निघाला तर ते स्वतःच ‘दुर्बळ’ म्हणून ओरडायचे, आणि मग त्याहून चांगला शोधायला लागायचे. लोकांना या खेळाची चटक लागली. दूध घालून झाल्यावरही माणसं उठेनात, तेव्हा पप्पूनं आतली दोन बाकडी बाहेर काढून दिली.

राणीच्या अभ्यासालाही तिथंच तोंड फुटलं. ती दूध घेऊन सासऱ्यांबरोबर जायला लागली, आणि जाताना एक-दोन प्रश्न घेऊन जायची. पप्पू खिडकीतून प्रश्न वाचून दाखवायचा आणि कट्टा तुटून पडायचा. ‘गावातील जुनी बाजारपेठ हलवावी का?’ बिराप्पा हमखास म्हणायचा की हलवू नये, कारण पूर्वीपासून तिथंच आहे. पप्पू म्हणायचा की हलवावी, कारण पलूसला हलवलीय. नानासो जुन्या सवयीनं कुठल्यातरी एका बाजारात घडलेलं सांगून साऱ्या बाजारांना लावायचे आणि मग स्वतःच कपाळावर हात मारून घ्यायचे. राणी कडेला उभी राहून ऐकायची. पुस्तकातले चुकीचे पर्याय आधी तिला नुसते अ, ब, क दिसायचे. आता कळलं की प्रत्येक चुकीच्या पर्यायामागं असा एक भला माणूस बसलाय, आणि त्याचं म्हणणं चुकीचं असलं तरी ऐकायला गोड आहे. माणूस फसतो तो त्या गोडव्यापायी.

परीक्षेचं केंद्र साताऱ्याला आलं. राणी, नानासो आणि ‘मी न्हाई आलो तर ह्यो वाटंत कुणाशी बोलंल’ म्हणून बिराप्पा, असे तिघं आदल्या दिवशी निघाले आणि औंधला राणीच्या माहेरी मुक्काम केला. सकाळी यमाईला डोंगराखालूनच हात जोडले आणि पहिल्या एसटीनं साताऱ्याला पोचले.

फाटकावर सुरक्षारक्षकानं राणीला घड्याळ काढायला सांगितलं. नानासोंनी पुढं होऊन कारण विचारलं. रक्षक बिचारा शांत होता. म्हणाला, हल्ली घड्याळातही फोन असतो, कुठलं साधं आणि कुठलं नाही हे मी वरून ओळखू शकत नाही, म्हणून सगळ्यांचीच काढतो. नानासोंनी घड्याळ आपल्या खिशात घातलं आणि बिराप्पाला म्हणाले की पटलं, गडी नीट बोलतोय.

राणी आत संगणकासमोर बसली. कायद्याचा भाग झाला, सामान्य ज्ञानाचा झाला. तर्काचा पहिला प्रश्न पडद्यावर आला तेव्हा तिला आदलं वर्ष आठवलं आणि क्षणभर अक्षरंच दिसेनात. तिनं डोळे मिटून पुन्हा उघडले आणि पहिलं कारण वाचलं. ‘नाही, कारण ही प्रथा पूर्वापार चालत आली आहे.’ हे बिराप्पामामांच्या आवाजात वाचलं गेलं, किटलीच्या कडीसकट. तिला हसू आलं. दुसरं कारण वाचलं. ‘होय, कारण इतर राज्यांनी तसे केले आहे.’ हा खिडकीतला पप्पू. पुढच्या प्रश्नात नानासो आले, एका बाजारावरून सगळ्या बाजारांचं सांगत. एकेक जण पडद्यावर यायचा, आपलं म्हणणं मांडायचा, आणि राणी त्याला मनातल्या मनात नमस्कार करून पुढं जायची. मध्ये एका ठिकाणी नदीबद्दल एक फार सुंदर वाक्य आलं. वाचून तिला भरून आल्यासारखं झालं आणि बोट त्या पर्यायावर गेलं. मग ती थांबली. हा आवाज कुणाचा? कट्ट्यावरचा कुणाचाच नव्हता. तो तिचा स्वतःचा होता, झाडांना मित्र म्हणणारा. तिनं त्यालाही नमस्कार केला आणि दुसऱ्या पर्यायावर खूण केली.

ती बाहेर आली तेव्हा दोघं म्हातारे रस्त्यापलीकडं उसाच्या रसाच्या गाड्यावर बसून बर्फ घालावा की घालू नये यावर बोलत होते. कसं गेलं, ते त्यांनी विचारलंच नाही. राणीच्या चेहऱ्याकडं बघून नानासोंनी तिसरा ग्लास सांगितला.

निकाल लागला तेव्हा राणी डाळिंबाच्या बागेत होती. अमृतचाच फोन आला, त्यानं कोइमतूरहून मोबाईलवर बघितला होता. तर्काच्या भागात तिला इतके चांगले गुण होते की त्यानं दोनदा आसनक्रमांक ताडून बघितला. सांगलीच्या कॉलेजात जागा मिळाली. हरणाबाईंनी पुरणपोळी केली आणि पहिली पोळी बिराप्पाला वाढली, कारण विचारल्यावर म्हणाल्या की मला कारण द्यायची गरज न्हाई, मी परीक्षेला बसले नव्हते. त्यावर नानासो इतके हसले की त्यांना ठसका लागला.

कॉलेज सुरू झालं त्या दिवशी राणी सकाळच्या गाडीसाठी फाट्यावर आली. एसटीचा थांबा डेअरीच्या समोरच होता. हरणाबाईंनी डबा दिला होता, नवी पिशवी खांद्यावर होती. तिला वाटलं होतं की सासरे निरोप द्यायला उठतील, बिराप्पामामा काहीतरी बोलतील. पण कट्ट्यावर त्या दिवशी डाळिंबापेक्षा द्राक्ष बरं की वाईट, हा विषय चालू होता. नानासो स्वतःच्या बागेविरुद्ध बोलत होते आणि बिराप्पाला, बहुतेक आयुष्यात पहिल्यांदा, जिंकायची संधी दिसत होती. पप्पूनं काटा सोडून खिडकीतून मान बाहेर काढली होती. गाडी आली, राणी चढली, खिडकीपाशी बसून तिनं हात हलवला. कुणाचंही लक्ष नव्हतं.

गाडी वळणावरून पुढं गेली तरी नानासोंचा आवाज येत होता. कंडक्टरनं विचारलं, कुठं? राणी हसतच म्हणाली, सांगली.